तिसरी कंपनी तयार नव्हती

सुभेदारदादा,

परवा तुमच्या शोकसभेत मी दोन मिनिटं बोलले. गावच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. माजी सैनिकांनी तुमचा गणवेशातला फोटो मोठा करून आणला होता. माझ्याआधी जे जे बोलले त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, की सुभेदारांनी परदेशात जाऊन तिथल्या फौजेला शांतिसेनेचं शिक्षण दिलं, गावाचं नाव काढलं. माझी ओळख 'तिथं साहेबांबरोबर असलेल्या दुभाषी मॅडम' अशी करून दिली. मी उठले, तुम्ही शिस्तीचे होता आणि मायाळू होता असं म्हटलं आणि खाली बसले. रुमाल तोंडावर धरला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडू आवरते आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन होईना. कारण ते रडू नव्हतं. तुमच्या बाबतीत मी आणखी एकदा अर्धंच बोलले होते.

उरलेलं अर्धं इथं लिहिते. तुम्हाला त्यातलं बहुतेक ठाऊक आहे. तरी सांगू द्या.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तुम्हीही गावात कधी घेतलं नाहीत, 'आफ्रिकेत' एवढंच म्हणायचात. दोन सरकारांत करार झाला होता. त्यांची एक पलटण शेजारच्या देशात शांतिसेना म्हणून जाणार होती. तिथं यादवी चाललेली. त्या पलटणीला तयार करायला आपल्या फौजेनं सहा जणांचं पथक पाठवलं आणि सोबत तंबू, वायरलेस, पाणी शुद्ध करायची यंत्रं. त्यांची भाषा फ्रेंच, तुमची हिंदी. मधे मी. पनवेलच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणारी, पेणला राहणारी, चाळिशीतली बाई. बंदूक मी त्याआधी फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिली होती.

पहिल्या दिवशी मैदानावर चार कंपन्या उभ्या होत्या. तुम्ही रांगेवरून चालत गेलात, परत आलात आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात स्वतःशीच म्हणालात, "बूट बघा यांचे. एकाचाबी नंबर जुळत नाय."

मी दचकून विचारलं, "तुम्ही कुठले?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मैदानातला एखादा खांबच बोलला. "कासूचा. म्हणजे स्टेशन कासू, गाव आत हाय. आन तुम्ही?"

"पेण. मूळचं गागोदं."

"मग मॅडम कशाला म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "ताई म्हणतो."

आठवडाभरात 'ताई'ला 'गो' चिकटला. चारचौघांत मात्र मी मॅडमच राहिले. ते तुम्ही कधी चुकवलं नाहीत.

तुम्ही त्या पोरांना नाका शिकवायचात. शांतिसैनिकाचं निम्मं आयुष्य नाक्यावर जातं, असं म्हणायचात. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला वाळूच्या गोण्या, आणि समोरून गाडी येते. थांबली तर ठीक. नाही थांबली तर? आधी हात वर, मग मोठ्यानं आवाज, मग बांबू, मग हवेत बार, आणि अगदी शेवटी, दुसरा जीव वाचवायचाच असेल तर, गोळी. तोवर बोट घोड्याच्या बाहेर. "बोट बाहेर!" हे तुम्ही मराठीतच ओरडायचात. मी पहिले दोन दिवस भाषांतर केलं, मग गरज उरली नाही. चारशे माणसं तुमच्यामागोमाग 'बोट बाहेर' म्हणायला लागली.

कधी तुम्ही स्वतःच डोक्यावर फडकं घेऊन गर्दीतली बाई व्हायचात, मोडक्या टोपलीत दगडाचं मूल घेऊन नाक्यावर रडत यायचात, शिव्या घालायचात, शिपायाच्या छातीवर बुक्क्या मारायचात. तो हसला की त्याला मैदानाला फेऱ्या. "ती बाई खरी असंल तवा हसशील काय?" हे भाषांतर करताना मीही हसायची थांबायचे.

त्या पोरांत इसा होता. हवालदार, उंच, हळू बोलणारा, भातशेतीवाल्या घरातला. त्याच्या गावाला भात लावतात कसं, चिखलणी करतात कशी, हे तुम्ही माझ्याकरवी तासन्‌तास विचारायचात. एका रविवारी दुपारी तुम्ही तिथल्या बाजारातून शेंगा आणि मातीचं मडकं आणून, आपल्याकडं मडक्यात शेंगा भाजतात तशी पोपटी लावलीत. वालाच्या शेंगा नव्हत्या त्या, मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पालाही नव्हता. इसानं कसलीशी वासाची पानं आणून दिली. मडकं उलटं ठेवून, भोवती गवत पेटवून तुम्ही बसलात. शेंगा निम्म्या करपल्या, निम्म्या कच्च्या राहिल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. इसानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "तुमच्या गावी हे मुद्दाम करतात?" मी ते जसंच्या तसं सांगितलं आणि तुम्ही हसता हसता खोकायला लागलात.

पण आपण भांडायचोही. मी गागोद्याच्या मातीतली, माझे वडील मास्तर. घरात अहिंसा म्हणजे पुस्तकातला धडा नव्हे, रोजचं बोलणं. मी म्हणायचे, फौजेनं फौजेला शांतता शिकवायची हे काय आहे? उद्या हीच माणसं आपल्याच लोकांवर उलटली तर? तुम्ही शांतपणे म्हणायचात, "ज्याच्या हातात बंदूक नाय त्याला काय शिकवायचं गो? ज्याच्या हातात हाय त्यालाच शिकवाय लागतं."   ते मला पूर्ण पटलं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

मग तो आठवडा आला.

समारंभ होता. त्यांचे मंत्री येणार, आपल्या दूतावासाचे लोक येणार, करार पुढे वाढवायच्या कागदावर सह्या होणार आणि त्याच दिवशी पलटण तयार असल्याचं जाहीर होणार. आदल्या दिवशी सकाळी तिसरी कंपनी नाक्यावर सराव करत होती. बंदुकीत सरावाच्या गोळ्या, नुसता आवाज करणाऱ्या. तेवढ्यात आडवाटेनं एक कोळसेवाला सायकलवरून आला. खराखुरा. मागे कॅरियरवर बायको, दोन्ही बाजूंना कोळशाची पोती. त्याला हे मैदान आहे याचा पत्ताच नव्हता. उतारावर त्याला ब्रेक लागेना. नाक्यावरचा पोरगा ओरडलाही नाही, हातही वर केला नाही. त्यानं सरळ बंदूक छातीशी धरली आणि तीन वेळा घोडा ओढला. त्याच्या मागच्या दोघांनीही ओढला.

कोळसेवाला सायकलसकट पडला. बायको किंचाळत त्याची छाती चाचपडत होती, रक्त शोधत होती. गुडघे फुटले होते, बाकी काही नाही. तुम्ही धावत गेलात, त्याला उठवलंत, सायकल सरळ केलीत, सांडलेला कोळसा दोन्ही हातांनी पोत्यात भरलात. काळ्या हातांनी माझ्याकडे आलात. तोंडाचा रंग उडाला होता.

"मेला असता गो," तुम्ही म्हणालात. "दोघंबी मेली असती. आन ही पोरं पंधरा दिवसांत खऱ्या गोळ्या घेऊन निघणार."

समारंभाच्या दिवशी सकाळी बैठक होती. आपल्या पथकाचे मेजर तापानं फणफणून राजधानीतल्या इस्पितळात होते, म्हणून पथकातर्फे बोलायची पाळी तुमच्यावर आली. बैठकीआधी दूतावासातल्या आपल्या अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, दादा, हे मी तुम्हाला अनेकदा सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, या करारापायी आम्ही किती वर्षं घासलीत तुम्हाला कल्पना नाही. आपण मागे सरलो तर दुसरा देश टपून बसलाय. तो नुसत्या बंदुका देईल, संयम शिकवणार नाही. त्यांचा कर्नल मानी आहे. आपण शिकवायला आलोय, नापास करायला नाही. बोलताना सूर सांभाळा."

सूर सांभाळा. एवढंच म्हणाले. शब्द बदला असं कुणी म्हटलं नव्हतं.

टेबलाच्या एका बाजूला कर्नल आणि त्यांचे दोन अधिकारी, दुसऱ्या बाजूला आपले अधिकारी आणि तुम्ही, टोकाला मी. पंखा चालू होता तरी सगळे घामाघूम. कर्नल थेट तुमच्याकडे वळले. "सुभेदार, माझी तिसरी कंपनी तयार आहे का?"

मी विचारलं. तुम्ही उभे राहिलात. हिंदीत, सावकाश, प्रत्येक शब्द मला नीट मिळावा म्हणून थांबत थांबत म्हणालात, "नाही साहेब. तिसरी कंपनी तयार नाही. ही माणसं भीतीनं गोळी चालवतात. आत्ता पाठवलंत तर ती निरपराध माणसं मारतील. मला आणखी दीड महिना द्या."

आपल्या अधिकाऱ्यांना हिंदी समजत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. कर्नल माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तेव्हा काय वाटलं ते मी तुम्हाला पुष्कळदा सांगायचा प्रयत्न केला आणि दर वेळी वेगळंच सांगितलं. खरं हे, की मला भीती वाटली. कर्नलची नाही. खोलीत जे मोडणार होतं त्याची. माझ्या तोंडून ते मोडायला नको होतं.

मी फ्रेंचमध्ये म्हणाले, "सुभेदारसाहेबांचं मत आहे की तिसऱ्या कंपनीला आणखी थोडा सराव मिळाला तर बरं होईल."

कर्नलचा चेहरा सैल झाला. "अर्थातच," ते म्हणाले. "सराव तर तिथं गेल्यावरही चालूच राहील." कारकुनानं माझं वाक्य नोंदवहीत उतरवून घेतलं. आपल्या अधिकाऱ्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं.

तुम्हाला फ्रेंच येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचता येत होता. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तुम्ही थांबलात. सह्या जेवणानंतर होत्या. पुरे तीन तास होते मधे.

"कर्नल हसला कशाला गो? मी बोललो तेच सांगितलंस ना?"

"व्हय दादा," मी म्हणाले.

पेणमध्ये वाढलेली मी, 'हो' म्हणणारी. त्या दिवशी तुमच्या बोलीत 'व्हय' म्हणाले. जास्त खरं वाटावं म्हणून.

दुपारी सह्या झाल्या. फोटो निघाले. पलटण निघायला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत तुम्ही तिसरी कंपनी सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत नाक्यावर उभी केलीत. पाणी प्यायलाही आळीपाळीनं. माझा आवाज बसला, तुमचा बसला. शेवटी तुम्ही खुणांनी शिकवत होता आणि ती पोरं खुणांनी शिकत होती. इसाला तुम्ही मुद्दाम मागून घेऊन तिसऱ्या कंपनीत टाकलंत. "तो ठंडा माणूस हाय," म्हणालात. "त्याच्याकडं बघून बाकीची ठंडी राहतील."

दहा महिन्यांनी बातमी आली, तेव्हा आपण दोघं आपापल्या जागी परतलो होतो. शेजारच्या त्या देशात, तिसऱ्या कंपनीच्या नाक्यावर, एक प्रवासी गाडी वेळेवर थांबली नाही. गोळीबार झाला. एक बाई गेली आणि तिचा म्हातारा सासरा. गाडी दवाखान्यात चालली होती.

चौकशी बसली. त्यांच्या बाजूनं सांगण्यात आलं की भारतीय शिक्षकांनी पलटण तयार असल्याचं मानलं होतं, हवं तर नोंद बघा. तुम्हाला लेखी विचारणा आली. तुम्ही लिहिलंत, 'मी तयार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं.' नोंदीत तसं नव्हतं. वरच्यांना वाटलं, सुभेदार आता अंग काढून घेतोय. मग मला फोन आला. नोंद बरोबर आहे का?

मी म्हणाले, "नोंदीत आहे तेच मी बोलले होते."

यात एक शब्दही खोटा नव्हता. दादा, मी भाषेची मास्तरीण. खरं बोलून खोटं कसं सांगायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

निवृत्तीच्या वेळी तुम्हाला मानद लेफ्टनंट करणार अशी सगळ्यांची खात्री होती. वहिनींनी गावात सांगूनही टाकलं होतं. ती शिफारस पुढे सरकलीच नाही. कारण काय, ते कुणी लिहून दिलं नाही. तुम्ही सुभेदार म्हणूनच घरी आलात आणि भात काढून झाल्यावर शेतात वाल पेरायला लागलात.

त्या हिवाळ्यात मी पेणहून गाडीनं कासूला आले. स्टेशनवरून चालत तुमच्या शेतावर. तुम्ही लांबूनच हात केलात, "ये गो ताई, ये!" बांधावर बसून मी सगळं सांगितलं. बैठकीतलं वाक्य, व्हरांड्यातलं 'व्हय', चौकशीचा फोन.  तुम्ही वालाच्या वेलांतलं गवत उपटत राहिलात. माझं संपल्यावर मनगटावरच्या घड्याळात पाहिलंत.

"मॅडम," तुम्ही म्हणालात, "तुमच्या गाडीची वेळ झाली."

आठ महिने आपण बोललो नाही. मी फोन करायची, वहिनी उचलायच्या, "ते शेतावर हायत" म्हणायच्या. नंतर नंतर त्या नुसत्या श्वास घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्यावरून मला कळलं की तुम्ही त्यांना सांगितलं आहे.

आणि एका सकाळी तुम्ही पेणला माझ्या दारात उभे. पिशवीत तांदूळ. चहा घेतलात. दुसरा कप मागितलात. मग म्हणालात, "खोलीत बोललीस त्याचा राग नाय मला. तिथं सगळे टपून होते, तू एकटी बाईमाणूस, जीभ वळली नसंल. पण बाहेर मी विचारलं ना गो. तिथं दोघंच होतो आपण. तीन तास होते. तू नाय म्हणाली असतीस तर मी परत आत गेलो असतो. मोडक्यातोडक्या इंग्लिशमधी सांगितलं असतं. टेबलावर उभा राहून सांगितलं असतं."

"त्यांनी ऐकलं नसतं दादा. तुम्हाला परत पाठवलं असतं. तुमच्या जागी दुसरा आला असता."

"आला असता."

"आणि पलटण गेलीच असती."

"गेली असती! पण ती बाई मेल्यावर त्यांना म्हणता आलं नसतं, की आम्हाला कुणी सांगितलंच नाय." तुमचा आवाज चढला. एवढा चढलेला मी मैदानावरही ऐकला नव्हता. "तू लिहून दे आता. जे झालं ते. जिथं पाठवायचं तिथं पाठव."

मी वाद घातला. कुणाला उपयोग? त्या बाईला? तुम्हाला पद परत मिळणार आहे? तिथं आता आपलं दुसरं पथक शिकवतंय, चांगलं काम चाललंय, त्यांच्या मार्गात दगड कशाला? तुम्ही म्हणालात, "तो कागद खोटा राहिला तर पुढच्या सुभेदारालाबी लोक असंच खोटं पाडतील."

हा वाद आपण पुढची दीड-दोन वर्षं घातला. पेणला, कासूला, एकदा तर रोह्याच्या एसटी स्टँडवर, लोक बघत असताना. तुम्ही येत राहिलात, वाल आणत राहिलात, माझ्या घरचा नळ दुरुस्त केलात, आणि दर वेळी निघताना एकच, "लिवलंस?" मी म्हणायचे, लिहिते. तुमचा राग गेला नव्हता आणि तुम्ही मला टाकलंही नव्हतं. ही दोन्ही एकाच माणसात राहू शकतात हे मला तुमच्यामुळे कळलं. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही.

शेवटी मी लिहिलं, तुमच्या छातीत पहिल्यांदा दुखलं त्या आठवड्यात. दोन पानं. सही केली, पाठवलं, आणि रोह्याला आले. तुमचा मुलगा प्रशांत धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो म्हणून तुम्हाला त्याच्याकडे ठेवलं होतं, इस्पितळ जवळ. खाटेवर तुम्ही बारीक झालेले दिसलात. मी झेरॉक्स दाखवली. चष्मा लावून तुम्ही दोन्ही पानं वाचलीत, एका ठिकाणी बोट ठेवलंत. "इथं 'दीड महिना' लिव. तू 'काही काळ' लिवलंयस."

मी तिथंच खोडून दुरुस्त केलं आणि दुरुस्तीचं दुसरं पत्र पाठवलं.

"पोच आली काय?" हे तुमचं मला विचारलेलं शेवटचं. नव्हती आली. अजून आलेली नाही.

आता परवाचं सांगते. ते तुम्हाला ठाऊक नाही.

शोकसभा संपल्यावर आम्ही घरी गेलो. ओटीवर वहिनी, प्रशांत, शेजारच्या दोन बायका आणि मी. दुपारचे चार वाजले असतील. तुमचा फोन वहिनींच्या मांडीवर होता, तो वाजला. त्यावर 'हवालदार' असं नाव. वहिनी म्हणाल्या, "हा तोच. दर महिन्याला करतो. ह्यांच्याशी हिंदीत कायबाय बोलायचा, खाना खाया, बच्चा कैसा. प्रशांतनं त्याला कळवलं."

मला हे माहीतच नव्हतं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. इसा होता. माझा आवाज ओळखून तो फ्रेंचमध्ये सुटला. खूप वर्षं साठलेलं बोलतात तसा. प्रवासी गाडीवरची गोळी त्याची होती. चौकशीत कुणाची गोळी ते ठरलं नाही, पण त्याला ठाऊक होतं. त्यानं हात वर केला नाही, ओरडला नाही. बोट आत होतं. तुम्ही सगळं नीट शिकवलं होतं, चूक तुमची नव्हती. दर महिन्याला हे सांगायला तो फोन करायचा. "मला हिंदीत 'मी' येत होतं," तो म्हणाला, "'गोळी' येत होतं. तरी नाही बोललो. आता त्यांच्या बायकोला सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात एक वाक्य तयार होऊन बसलं होतं: त्याला फार वाईट वाटतंय, सुभेदारांची फार आठवण काढतो. छान वाक्य होतं. दुखवट्याच्या घरात शोभेलसं.

वहिनी म्हणाल्या, "काय म्हणतो तो? या खेपेला जसं हाय तसं सांग गो."

मी सांगितलं. तो बोलला त्या क्रमानं, त्याच्या शब्दांत. बोट आत होतं, हेही. प्रशांत ताडकन उठला. "याच्यापायी बाबांना खोटं ठरवलं? ठेव तो फोन! ठेव!" तो माझ्या हातातून फोन ओढायला लागला.  शेजारच्या बायका दारापर्यंत मागे सरल्या.

"थांब रे," वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत. पदर सारखा केला आणि फोनकडे बघत, जणू तो माणूस समोरच बसलाय, अशा म्हणाल्या, "त्याला सांग, मी ऐकलं."

मी सांगितलं.

"आन इचार, ज्यांची ती बाई होती, त्यांना सांगितलंस काय?"

मी विचारलं. तिकडून उत्तर आलं, नाही.

"मग माझ्याकडं काय रडतोस म्हणावं. आधी त्यांच्या दारात जा. ते मारतील, शिव्या देतील, पोलिसात देतील. ते घे. मंग इथं फोन कर. मी उचलीन."

मी एकेक शब्द ठेवला. 'मारतील' सुद्धा. 'मी उचलीन' सुद्धा.  प्रशांत खांबाला टेकून उभा होता, तोंड फिरवून.  मी फोन वहिनींकडे द्यायला कानापासून दूर केला, तेवढ्यात इसा बोलला. माझ्याशी नाही. त्यानं वहिनींना हाक मारली आणि मोडक्या हिंदीत, मोठ्यानं, ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माँ जी, मैं जाऊंगा."

वहिनींनी मान हलवली. त्याचं भाषांतर मला कुणी विचारलं नाही.